गप्प दोरांचा तंबू

धाकटा भाऊ दवाखान्यात कंबर मोडून पडलाय, आणि आमचा मोठा काय करत होता म्हणाल? अंगणात रिकाम्या गाड्यांच्या मधोमध उभा राहून माइकवर फुंकर मारत होता. "हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन. हॅलो." कर्ण्यातून त्याचा आवाज कोठाराच्या भिंतीवर आपटून परत येत होता. समोर ओट्यावर आमची सगळी दोरावरची माणसं बसलेली, कुणाच्या तोंडातून ब्र नाही. लाज नावाची एक वस्तू असते. देवानं वाटली तेव्हा हा बहुतेक मचाणावर चढून बसला होता, खाली यायचं राहून गेलं.

मी शिवणखोलीच्या खिडकीतून ओरडले, "अरे, तो भोंगा बंद कर! कुणाला ऐकवतोयस?"

"दुपारी साहेब येणारेत," तो म्हणाला, तेही माइकमधूनच. "आपली यंत्रणा चालू होती, हे दाखवायला नको?"

काल पडलेल्या तंबूची चौकशी करायला सरकारी साहेब येणार होते, आणि ह्याचं उत्तर सकाळी चूळ भरता भरता तयार झालं होतं. कर्णा ठणठणीत होता, हुकूम वेळेवर गेला, चूक खाली झाली. खाली म्हणजे कुणाची, तेही ठरलं होतं. उत्तरेच्या खुंटावरच्या कुरकुऱ्याची. त्याचा खुंट उपटला, म्हणून दोर सुटला, म्हणून मधला खांब आडवा आला, आणि खांबाखाली धाकटा होता. साहेबांपुढे हे असं गेलं असतं, तर कुरकुऱ्याचं काम जाणारच होतं, वर खटला मागे लागला असता. घरात दोन पोरी लग्नाच्या, आणि बायको खाटेला खिळलेली.

मी निरोप पाठवला, घरच्या सगळ्यांनी शिवणखोलीत यायचं, साहेब येण्याआधी. माझ्या निरोपाला या घरात अजून तरी कुणी नाही म्हटलेलं नाही.

शिवणखोलीत बसायला खुर्च्या नाहीत. जमिनीवर कापड पसरलेलं असतं, त्यावरच बसायचं, पादत्राणं दाराबाहेर. मेणाचा वास, भिंतीला टेकून ठेवलेल्या जाड सुया, त्या कापडातून ढकलायचे चामड्याचे तळहात. ही खोली माझ्या लेकीची. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून परत आली तेव्हा लोक म्हणाले, आता हिचं कसं होणार. कसं होणार काय, आज तंबूचा एक टाकाही तिच्या नजरेतून सुटत नाही. ती आपल्या यंत्रापाशी बसली. तिच्या शेजारी धाकटी सून, दवाखान्यातून सरळ आलेली, केस तसेच. दारापाशी आमचे दीर, ज्यांना घरदार काका म्हणतं. थोरली सून नवऱ्याच्या जवळ, गुडघ्याला गुडघा लावून. आणि मोठा उभा. बस म्हटलं तर म्हणाला, "ठीक आहे, उभाच बरा आहे."

"उंचावर राहायची सवय झालीय," काका म्हणाले.

"काका, तुम्ही सुरू करू नका," थोरली फिस्कारली. "रात्रभर डोळ्याला डोळा नाही त्यांच्या. भाऊ त्यांचाही आहे."

"मग भावाच्या उशाशी बसायचं. माइकच्या कशाला?"

मी धाकटीकडे बघत होते. भांडण ऐकू येत असूनही तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

आता आमच्या कामात पूर्वी फेरी असायची, ती काय होती ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मोठा तंबू उभा करताना मधला खांब उचलायचा असतो, आणि त्याला चहूबाजूंनी दोर. प्रत्येक दोरावर माणसं, प्रत्येक दोराला जमिनीत ठोकलेला खुंट. सासऱ्यांनी घालून दिलेलं असं, की खांबाला हात लावण्याआधी आणि प्रत्येक खेचीनंतर फेरी व्हायची. पहिल्या दोरापासून सुरुवात, मग ओळीनं पुढे. प्रत्येकानं आपल्या दोराचा शब्द टाकायचा. "घट्ट." "सैल." "बरं नाही." शब्द आला की पुढचा. आणि एखाद्या दोराचा शब्द आलाच नाही, तर सगळ्यांनी हात थांबवायचे. कुणी थांबा म्हणायची वाट बघायची नाही. गप्प दोर म्हणजे धोका, हे आमच्याकडे रांगतं पोरही ओळखायचं.

ह्यात एक गंमत होती, ती बाहेरच्याला कळत नसे. शब्द सारखे, पण माणसं सारखी नव्हेत. कुरकुऱ्या रोजच कुरकुरतो. त्याचं "बरं नाही" आम्ही "बरं आहे" असंच धरायचो, दोनदा म्हणाला तर एकदा वळून बघायचो. त्याच्या पलीकडचा दांडगा कधी काही बोलायचा नाही. तो जर म्हणाला, "जरासं सैल वाटतंय," तर अख्ख्या मैदानातली माणसं दोर बांधून मागे सरकायची. कुणाचं किती ऐकायचं, हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. वर्षानुवर्षं एकमेकांचा आवाज ऐकून ते अंगात मुरलं होतं.

ह्यांच्या माघारी मोठ्यानं सूत्रं घेतली. शिकलेला, कामाचा. खोटं कशाला बोलू, धंदा त्यानं वाढवला. पूर्वी आम्ही लहानसहान सभांना तंबू द्यायचो, ह्यानं यंत्रांची प्रदर्शनं आणली, रेल्वेच्या डब्याएवढे तंबू असायचे ते गोदामाएवढे केले. पण फेरीची त्याला लाज वाटायची. एका मोठ्या गिऱ्हाइकानं विचारलं होतं म्हणे, "तुमचे लोक भांडतायत का?" म्हणून या हंगामापासून मचाण आलं, माइक आला, शिट्टी आली. वरून हुकूम, खाली काम. ज्याला काही सांगायचंय त्यानं मुकादमाला सांगायचं, मुकादमाला पटलं तर तो वर सांगणार. काम निम्म्या वेळात व्हायला लागलं, हेही खरं.

"मी एकच विचारतो," मोठा म्हणाला. "पंचवीस तोंडं एकदम बोलायला लागली तर तंबू उभा राहणार कसा? कुणीतरी एकानं सगळं बघायला नको? आणि फेरी होती तेव्हा काय तंबू पडले नाहीत? आजोबांच्या वेळचा नव्हता पडला?"

"पडला होता," मी म्हणाले. "मी नवी नवरी होते. पण त्याखाली एक मांजरसुद्धा नव्हतं. पडायच्या आधी सगळ्यांना माहीत होतं, की आता पडणार."

"योगायोग."

"बरं. योगायोग. काल काय होतं मग?"

"काल एका माणसानं आपला खुंट नीट ठोकला नाही. एवढंच. एका माणसाचं काम चुकलं म्हणून अख्खी पद्धत वाईट ठरत नाही. मी साहेबांना तसंच सांगणार आहे. त्याचं नाव देणार आहे."

इथं थोरली जराशी बाजूला सरकली. तिचा गुडघा त्याच्या पायापासून सुटला. मला दिसलं, मोठ्याला दिसलं नाही, तो उभा होता ना.

"नाव द्यायची काय घाई आहे?" ती म्हणाली.

"म्हणजे? सकाळी तूच म्हणालीस, लपवाछपवी नको म्हणून."

"लपवाछपवी नको म्हणूनच म्हणतेय." ती कापडाची कड बोटानं दुमडत बसली. तिनं पुढं जे सांगितलं, ते मला चुलीपाशीसुद्धा सांगितलेलं नव्हतं. काल ती माणसांना चहा घेऊन मैदानावर गेली होती. उत्तरेच्या बाजूला पलीकडचे लोक गाड्या धूत होते, आणि पाणी उतारानं आपल्या खुंटांकडे येत होतं. तिची चप्पल चिखलात रुतली. "मी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, मी वर आहे, तू चहाचं बघ."

"तू चप्पल रुतली म्हणालीस! खुंटाचं कुठं म्हणालीस?"

"मला खुंटातलं काय कळतं? मला चप्पल कळते, मी चप्पल सांगितली."

काका हसले. तसं हसायचं कारण नव्हतं, पण ते हसले, आणि मग गळा साफ करत म्हणाले, "मघापासून मी गप्प आहे—"

"तुम्ही? गप्प?" लेक म्हणाली.

"ऐक तर. वारा फिरला होता. मी तिकिटांच्या खोक्यापाशी खुर्ची टाकून बसलो होतो. खोक्यावरची झालर सकाळपासून एका बाजूला उडत होती, ती मधेच उलटी उडायला लागली. उत्तरेच्या दोरांवर सगळा भार जाणार, हे मला दिसत होतं."

"मग सांगितलं का नाही?" मोठा जवळजवळ ओरडला.

"कुणाला सांगू? मला मचाणावर चढता येत नाही, आणि तुला खाली उतरता येत नाही. मागं एकदा सांगायला आलो तर तुझा मुकादम मला म्हणाला, काका, ऊन लागेल, सावलीत बसा. बसलो सावलीत."

ह्यात काकांचा राग होता, आणि थोडं समाधानही होतं, ते मी ओळखून आहे. ह्यांच्या मागे गादी आपल्याला मिळायला हवी होती, हे त्यांच्या मनातून गेलेलं नाही. म्हणून मी तिथंच म्हणाले, "भाऊजी, वारा फिरलेला दिसत असताना जो फुगून बसतो, त्यानंही फार मिरवू नये." ते खाली बघायला लागले.

लेकीनं यंत्राच्या चाकावर हात ठेवला होता. ती म्हणाली, नवीन कापड दव पितं. जुनं पीत नव्हतं. सकाळच्या वेळी ते भिजलेल्या गोधडीसारखं जड होतं, म्हणून ऊन चढल्याशिवाय उचलू नका, असं तिनं मुकादमाला बजावलं होतं. मुकादम म्हणाला, वेळ वरून ठरलीय.

"आणि कप्पी अडकत होती," धाकटी म्हणाली.

आल्यापासून ती पहिल्यांदा बोलली. सगळ्यांनी वळून बघितलं.

"आमचे हे सकाळी घरातून निघताना म्हणाले, कप्पी कुठंतरी अडकतेय. मी म्हटलं, दादांना सांगा. तर म्हणाले, जाऊ दे, बाकी कुणी काही म्हणत नाहीये म्हणजे ठीकच असेल." तिचा आवाज सपाट होता. "रात्री शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं. कप्पी बघायला ते खांबाखाली गेले. शिट्टी झाली. पूर्वी असती ना, तर फेरी झाली असती, आणि एखाद्या दोराचा शब्द आला नसता तर त्यांचे पाय आपोआप मागे आले असते. ते म्हणतात, माझे पाय शांतता ऐकून थांबायचे, या वर्षी ते विसरले. सगळीकडे शांतता होती, आणि मला वाटलं सगळं घट्ट आहे."

बाहेर ओट्यावर कुणीतरी खोकलं, तेवढंच.

मला मग आठवलं, दरवर्षी हंगामात माणसं संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी यायची, गुळण्या करायला मिठाचं कोमट पाणी मागायला. ओरडून घसे बसलेले असायचे. या वर्षी एकही आला नाही. मी म्हटलं होतं, चला, मीठ वाचलं.

बघा म्हणजे. एकीकडे चिखल, एकाकडे वारा, एकीकडे दव, एकाकडे कप्पी. ह्यातलं एकटं काहीच तंबू पाडण्याएवढं नव्हतं. कुरकुऱ्यालाही फार काही ठाऊक नव्हतं. खुंट जरा फिरतोय एवढंच त्यानं मुकादमाला सांगितलं, आणि मुकादम म्हणाला, तू रोजच रडतोस. फेरीत त्याचं रडणं ऐकून दांडग्यानं आपला दोर चाचपला असता, दांडग्याचं ऐकून पुढच्यानं. तंबू पडणार हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि सगळ्यांना मिळून माहीत होतं. फक्त ते "मिळून" जिथं व्हायचं, ती जागा आम्ही मोडून टाकली होती.

मोठा खिडकीपाशी गेला. तो माझा पोटचा आहे. त्याच्या पाठीवरूनही मला वाचता येतं. मचाणावरून तंबू फार सुंदर दिसतो, असं त्यानं मला एकदा सांगितलं होतं. दोर रेघांसारखे, माणसं ठिपक्यांसारखी, सगळं चित्रात काढल्यासारखं. मला वाटतं, काल खांब कलला तेव्हाही त्याला क्षणभर ते चित्रच दिसलं असणार. मग त्यातला एक ठिपका त्याचा भाऊ निघाला.

"आता मला काढणार तुम्ही," तो पाठमोराच म्हणाला.

"काढायलाच हवं," काका चटकन म्हणाले. "मी बघतो तात्पुरतं—"

"नको," धाकटी म्हणाली.

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. हिच्या नवऱ्याची कंबर मोडली, आणि ही नको म्हणते?

"दादा गेले की काका वर चढतील," ती म्हणाली. "काका, राग मानू नका. तुम्हीही तिथंच चढाल. आमचे हे चढले असते तर त्यांनाही खालचं ऐकू आलं नसतं. फक्त एक, कुरकुऱ्याचं नाव गेलं, तर ह्यांनी सांगितलंय, मी खाटेसकट साहेबांसमोर येईन."

थोरलीनं तिचा हात धरला. गेली किती वर्षं या दोघी एका भांड्यातून पाणीही घ्यायच्या नाहीत. काल नवरा मोडलेली आणि आज नवरा मोडत असलेली, दोघी हात धरून बसल्या.

मोठा वळला. डोळे लाल होते, पण जीभ अजून तिखट होती, माझ्यावरच गेलाय. "सगळ्यांचं ऐकावं म्हणे! आई, तू कधी कुणाचं ऐकलंस? या घरात भाजी कुठली करायची इथपासून कुणाचं लग्न कुठं करायचं इथपर्यंत, तू कुणाला विचारलंस? मचाण मी बांधलं, पण चढायला कुठं शिकलो?"

लेकीनं "दादा!" म्हणून दटावलं. थोरलीनं जीभ चावली. काकांच्या चेहऱ्यावर मात्र सणासारखं उजळलं.

मला राग आला, खोटं बोलणार नाही. उठून एक ठेवून द्यावीशी वाटली, पन्नाशीला आलेला असला तरी. पण सगळ्यांसमोर फेकलेला दगड उचलून बघावा लागतो, तो आपल्याच भिंतीतला असला तर.

"नाही विचारत मी," मी म्हणाले. "म्हणूनच मला या घरातलं काही कळत नाही. मला आवडेल तेवढंच सांगता तुम्ही सगळे. तुझ्या बायकोची चप्पल चिखलात रुतली हे मला आज कळलं. हिचा नवरा काळजी घेऊन घरातून निघाला, हे मला आज कळलं. माझ्या हुकमानं भाजी बिघडली तर एक जेवण बिघडतं. तुझ्या हुकमाखाली माणसं उभी असतात. आणि मला उत्तर दिलंस म्हणून साहेबांना द्यायचं उत्तर टळत नाही. बस."

"आई, मी—"

"बस म्हटलं ना."

तो बसला. आधी एका गुडघ्यावर, मग मांडी घालून, कापडावर. बसल्यावर तो अचानक लहान दिसायला लागला. थोरलीनं त्याच्याकडे सरकावं की नाही, हे तिला ठरवता येईना, आणि मग ती सरकली.

"काय करू मी?" त्यानं विचारलं. लहानपणी काच फोडून आला की असंच विचारायचा, पण तेव्हा उत्तर सोपं असायचं.

फाटकाशी गाडी वाजली. साहेब वेळेआधीच आले होते. लेक उठायला लागली, मी हातानंच थांबवलं. त्यांना जरा उभं राहू दे.

मग मी त्याला सांगितलं, घरच्या सगळ्यांच्या देखत, आवाज न चढवता:

"ऐक. साहेबांना तू स्वतः सांगायचंस, की माणसं बोलत होती आणि त्यांची तोंडं मी बंद केली. कुरकुऱ्याचं नाव तुझ्या तोंडून निघालं, तर पुढचं मी बोलेन, आणि मी बोलायला लागले की मला आवरणारा अजून जन्माला यायचाय. साहेब गेले की ओट्यावर जायचं. त्यांच्यासमोर उभं राहायचं नाही, त्यांच्यात बसायचं, आणि विचारायचं, मी राहू की जाऊ. ते काय म्हणतील मला माहीत नाही, आणि मी त्यांना काही सांगून ठेवणार नाही. त्यांनी राहा म्हटलं तर राहा, ते म्हणतील तसा. जा म्हटलं, तर आजपासून या तंबूंचा तू कुणी नाहीस. माझा मुलगा आहेस, ते काही कुणाला विचारून झालेलं नाही, म्हणून ते कुणाला काढता येणार नाही. तुझं ताट झाकून ठेवते. कितीही उशीर होऊ दे, शेवटचा माणूस बोलून झाल्याशिवाय उठून आलास, तर मात्र मी वाढणार नाही."